प्रत उघडून पाहण्यासाठी लागणारी जागा

डेटाबेसचा बॅकअप घेणे आणि घेतलेला बॅकअप वेळेला उपयोगी पडेल याची खात्री करून घेणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले यंत्रावर सोपवता येते, ते रोज ठरलेल्या वेळी होते आणि झाल्याची नोंदही पडद्यावर उमटते; दुसऱ्यासाठी मात्र माणूस, सवड आणि डिस्कवरील मोकळी जागा या तिन्ही गोष्टी लागतात, आणि लहान कार्यालयात नेमकी या तिन्हींचीच वानवा असते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील पतसंस्था, सोसायट्या, शाळा आणि दवाखाने यांचे संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा अनुभव असा की, बॅकअप आहे का, या प्रश्नाला सगळीकडे होकार मिळतो. तो शेवटचा कधी उघडून पाहिला, असे विचारले की कर्मचारी एकमेकांकडे पाहू लागतात. यामागे केवळ आळस आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. डेटाबेस, म्हणजे खातेदार, ठेवी, कर्जे आणि भरणा-उचल यांच्या नोंदी परस्परांशी जोडून ठेवणारा संग्रह, बॅकअपमधून पुन्हा उभा करायचा तर मूळ डेटाबेसाइतकीच, आणि पुष्कळदा बॅकअपच्या फायलीच्या अनेक पट, जागा लागते. ती नसली की तपासणी पुढच्या आठवड्यावर जाते आणि तेथेच राहते.

या भागात बॅकअप कशासाठी, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. सावित्रीचा उगम ज्या महाबळेश्वरात आहे तेथे त्या सुमारास २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. जीवितहानीपुढे संगणकांची गणना करणे गौणच. तरीही तळमजल्यावरचे सीपीयू, त्यांच्या शेजारच्या खणात ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क आणि कपाटातील खतावण्या या तिन्ही एकाच पाण्यात जाऊ शकतात, हे अशा पुराने दाखवून दिलेले असते. म्हणून सर्व्हर वरच्या मजल्यावर नेणे, एक डिस्क उंचावरच्या गावात कोणाच्या तरी घरी ठेवणे, ही खबरदारी अनेक जण घेतात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी, हा येथे अनुभवातूनच पटलेला आहे. इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर प्रत पाठवण्याचा मार्ग शहरात सोपा वाटतो. पण वरंध घाटाच्या पायथ्याशी, कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या गावांच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि फायबरची जोडणी यांचा भरवसा धरता येत नाही, आणि वीस जीबीची फाईल वर चढवता चढवता सकाळ होते.

जागेचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे, ही गोष्ट वरवर विपरीत वाटेल. काही वर्षांपूर्वी कार्यालयातील संगणकात ५०० जीबी किंवा एक टीबीची फिरती हार्ड डिस्क असे. आता वेगासाठी एसएसडी घेतली जाते, आणि खर्च आवरण्यासाठी ती बहुधा २५६ जीबीची असते. त्यातील बराच भाग विंडोज, त्याची अद्यतने, छपाई आणि स्कॅनिंगची सॉफ्टवेअरे आणि केवायसीसाठी स्कॅन केलेली आधार-पॅनची चित्रे व्यापतात. उरलेल्या जागेत रोजच्या बॅकअपच्या फायली एकीवर एक साठत जातात. महिन्याभराच्या प्रती जपून ठेवल्याचे समाधान मोठे असते, पण त्यांतील एकही उघडण्यास जागा उरलेली नसते.

हे गणित उदाहरणाने पाहिलेले बरे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीची ‘एक्सप्रेस’ ही मोफत आवृत्ती लहान संस्थांत सर्रास वापरली जाते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिच्या एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि बॅकअप घेतानाच फाईल दाबून लहान करण्याची सोय तिच्यात नाही. समजा, एखाद्या संस्थेचा डेटा ४ जीबी आहे. बॅकअपमध्ये प्रत्यक्ष वापरातील पानेच येत असल्यामुळे फाईलही जवळपास ४ जीबीचीच होते, आणि मग पाहणाऱ्याला वाटते की ती उघडण्यास पाच-सहा जीबी पुरेत. प्रत्यक्षात डेटाबेसला डेटाच्या फायलीखेरीज दुसरी एक फाईल असते, जिला लॉग म्हणतात. झालेला प्रत्येक बदल आधी तेथे नोंदला जातो, म्हणजे वीज मध्येच गेली तरी अर्धवट व्यवहार मागे घेता येतो. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ या पद्धतीत ठेवला आणि लॉगचा स्वतंत्र बॅकअप कधीच घेतला नाही, तर ही फाईल वर्षानुवर्षे फुगत जाते. तिचा आकार ३० जीबी झाला असेल, तर बॅकअप उघडताना प्रणाली प्रथम ३० जीबीची तशीच फाईल उभी करते, मग आत कामाच्या नोंदी मूठभर का असेनात. इतकेच नव्हे, तर लॉगची ही संपूर्ण जागा शून्ये लिहून भरली जाते. त्यामुळे यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर हे काम चालू असता पडद्यावरचा आकडा बराच वेळ शून्य टक्क्यांवरच राहतो आणि प्रणाली अडकली असे समजून कोणी तरी ती बंद करतो.

यावर उपाय तपासणीच्या वेळी नव्हे, तर बॅकअपच्या आधी करायचा असतो. बॅकअप उघडण्यापूर्वी त्याच्या आत कोणत्या फायली किती आकाराच्या आहेत याची यादी ‘रिस्टोअर फाईललिस्टओन्ली’ या आज्ञेने क्षणात मिळते, आणि ती पाहिल्याशिवाय जागेचा अंदाज बांधू नये. लॉग अवास्तव फुगलेला दिसला, तर तो का फुगतो हे आधी शोधावे. रोजचा एक पूर्ण बॅकअप एवढीच ज्या संस्थेची गरज आणि ऐपत आहे, तिने ‘सिंपल’ ही पद्धत स्वीकारावी, लॉग एकदाच आटोक्यात आणावा आणि मग नवा बॅकअप घ्यावा. दोन बॅकअपच्या मधल्या काळातील व्यवहार गमावण्याची तयारी त्यात गृहीत धरलेली असते, हे संचालकांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तसे न सांगता पद्धत बदलणारा तंत्रज्ञ स्वतःच्या सोयीचा निर्णय दुसऱ्याच्या पैशावर घेत असतो.

जागाच नाही असे दिसले की हाताशी येणारा पहिला उपाय म्हणजे प्रत न उघडता तपासणे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘रिस्टोअर व्हेरिफायओन्ली’ ही आज्ञा आहे: ती बॅकअपची फाईल आरंभापासून शेवटपर्यंत वाचते, संच पूर्ण आहे का आणि सर्व भाग वाचता येतो का हे पाहते, आणि बॅकअप घेताना चेकसमचा पर्याय निवडलेला असेल तर तेही ताडून पाहते. चेकसम म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला एक आकडा. मजकुरातील एखादा बिट बदलला तर आकडा जुळत नाही. ही प्रणाली डेटा आठ केबीच्या पानांत ठेवते आणि २००५ च्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसच्या प्रत्येक पानावर असा आकडा ठेवण्याची तिची मूळ रीत आहे. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीत, बॅकअपच्या संग्रहातून सर्व मजकूर बाहेर काढून तो डिस्कवर न लिहिता तसाच टाकून देता येतो. जागा काहीच लागत नाही आणि संग्रह शेवटपर्यंत वाचला जातो. १३ व्या आवृत्तीपासून तिच्यात फायलींच्या यादीशी मूळ बॅकअप ताडणारे स्वतंत्र साधनही आले. मायएसक्यूएलच्या डंपमध्ये, म्हणजे सगळा डेटा आज्ञांच्या रूपाने लिहून काढलेल्या फायलीत, सहसा शेवटच्या ओळीत काम पूर्ण झाल्याची नोंद असते. ती ओळ नसेल तर डंप मध्येच तुटला, हे कळण्यास क्षणही लागत नाही. या सर्व तपासण्या स्वस्त आहेत आणि रोज कराव्यात. मात्र फाईल धड आहे यापलीकडे त्या काही सांगत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दस्तऐवजातही व्हेरिफायओन्ली आतील डेटाची रचना तपासत नाही असे नमूद आहे.

हा भेद शिवथरच्या परिसरात वेगळ्या संदर्भात जुना आहे. समर्थ रामदासांनी दासबोध शिवथरच्या घळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे संप्रदायाची परंपरा मानते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली. ग्रंथाचे वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, अशी त्याची बांधणी आहे. हाती आलेल्या नकलेत समास मोजून दोनशे भरले नाहीत, तर पाने गळाली आहेत हे मजकूर न वाचताही कळते. पोथ्या नकलणारे लेखक बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून मजकुराचे माप नोंदवत, तेही याच जातीचे. पण दोनशे समास भरले म्हणून प्रत्येक ओवी शुद्ध आहे असे होत नाही. त्यासाठी प्रत वाचावी लागते आणि दुसऱ्या प्रतीशी ताडावी लागते. समोर होते तसे उतरवले, शुद्धाशुद्धाचा दोष आपला नव्हे, असे पोथीच्या शेवटी लिहिणारा लेखकू आणि बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश देणारी प्रणाली यांची भूमिका एकच आहे: मुळात चूक असेल तर तीही इमानाने उतरते. डेटाबेसच्या बाबतीत हा धोका पुस्तकी नाही. मूळ डिस्कवर काही पाने खराब झालेली असताना, चेकसमचा पर्याय न निवडता घेतलेला बॅकअप ती खराबी निमूटपणे सोबत नेतो, आणि जुन्या चांगल्या प्रती एकेक करून पुसल्या जात असता नव्या सर्व प्रती सदोष होत जातात.

तेव्हा प्रत उघडायची, हे ठरले. जागा कोठून आणायची, एवढेच उरते. सर्वांत सरळ मार्ग बाहेरच्या हार्ड डिस्कचा. डेटाबेसच्या फायली तपासणीपुरत्या तिच्यावर उभ्या करता येतात; काम सावकाश होते, पण रोजच्या वापरासाठी ती नसतेच. येथे काही बारीक खाचखळगे आहेत. पेन ड्राइव्ह पुष्कळदा फॅट३२ या जुन्या मांडणीत येतात आणि त्या मांडणीत एकच फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. संस्थेचा डेटा वाढत जाऊन ही रेषा ओलांडतो त्या दिवसापासून नक्कल होणे थांबते, आणि ती करणारी छोटी बॅच फाईल कोणालाही काही न सांगता पुढे जाते. बाजारात अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या काही पेन ड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खोटी असते; तेथे फायली गेल्यासारख्या दिसतात, परत वाचताना मात्र आतला मजकूर भलताच निघतो. नक्कल झाल्याबरोबर तिचा हॅश, म्हणजे संपूर्ण फाईलची ओळख सांगणारी ठरावीक लांबीची खूण, काढून मूळ फाईलच्या हॅशशी जुळवण्याची पद्धत चांगली आहे; पण ड्राइव्ह तसाच लावलेला असेल तर विंडोज पुष्कळदा तो मजकूर स्वतःच्या स्मृतीतूनच देते आणि डिस्कवर काय पोहोचले याची परीक्षा होतच नाही. म्हणून ड्राइव्ह रीतसर काढावा, पुन्हा लावावा आणि मगच हॅश काढावा.

दुसरा मार्ग दुसऱ्या संगणकाचा, बहुधा तंत्रज्ञाच्या लॅपटॉपचा. नव्या आवृत्तीच्या एसक्यूएल सर्व्हरवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उघडत नाही, हे लॅपटॉप घेऊन बिरवाडीहून पुढे घाटाच्या दिशेने जाण्यापूर्वी आठवलेले बरे. या मार्गाचा मोठा गुण असा की, संस्थेचा सर्व्हर बुडाला तर नेमकी हीच कृती करावी लागणार असते: कोरे यंत्र, एक फाईल आणि तिच्यातून उभी करायची संस्था. सॉफ्टवेअरचा परवाना कोणत्या यंत्राशी बांधलेला आहे, डेटाबेसचा पासवर्ड कोणाकडे आहे, छपाईचे नमुने बॅकअपमध्ये येतात की वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, या गोष्टी त्याच वेळी उघड होतात; व्हेरिफायओन्ली त्यांतील एकही सांगत नाही.

उघडलेल्या प्रतीत काय पाहायचे, हा या कामाचा गाभा आहे. तांत्रिक भाग थोडका आहे: ‘चेकडीबी’ ही आज्ञा उभ्या केलेल्या प्रतीवर चालवली की पानांची आणि त्यांतील दुव्यांची सुसंगती तपासली जाते, आणि प्रत पानागणिक मुळाची असल्यामुळे मूळ डेटाबेसच्या प्रकृतीचीही कल्पना येते, चालू सर्व्हरवर ताण न पडता हे काम होते, हा त्यातला फायदा. खरी परीक्षा त्यानंतरची असते आणि तिला संगणकाचे फारसे ज्ञान लागत नाही. दिवसअखेर झाल्यावर छापलेली किर्द टेबलावर ठेवावी, उघडलेल्या प्रतीतून त्याच तारखेची किर्द काढावी आणि आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची रोख शिल्लक असे चार आकडे बोट ठेवून जुळवावेत. शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक पाहावा. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची गोषवारा-यादी, दोन्हीकडे जुळते का ते पाहावे. आणि पिग्मीची चार-दोन खाती मनाला येतील तशी निवडून एजंटाच्या पावत्यांशी ताडावीत. रोखपाल हे काम तंत्रज्ञापेक्षा लवकर करतो, कारण त्या दिवशीची शिल्लक त्याच्या डोक्यातच असते.

ही जुळवणी वरकरणी अतिरिक्त वाटते, पण जी चूक दुसऱ्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही ती तिच्यातच सापडते. हिशेबाची काही सॉफ्टवेअरे दर आर्थिक वर्षासाठी नवा डेटाबेस उघडतात. १ एप्रिलला कर्मचारी नव्या वर्षात काम सुरू करतात, आणि रात्रीचा बॅकअप जुन्या नावाच्या डेटाबेसचीच प्रत घेत राहतो. अशा एका संस्थेत रोजची फाईल वेळेवर तयार होत होती, चेकसम जुळत होते, व्हेरिफायओन्ली यशस्वी होत होती, हॅशही बरोबर होता. प्रत उघडून त्या दिवशीची किर्द मागितली तेव्हा पान कोरे आले, कारण आतली शेवटची नोंद ३१ मार्चची होती. फाईलच्या आकारावरून शंका यायला हवी होती, कारण तो महिनोन्‌महिने तसूभरही वाढला नव्हता. तेव्हापासून तेथे बॅकअपच्या फायलीचा आकार रोज एका तक्त्यात लिहिला जातो. जागा मुळीच न खाणारी अशी दुसरी तपासणी सापडणे कठीण.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. त्यांतील डंपची व्यवस्था आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडलेली होती आणि तिच्या अपयशाचे ई-मेल मधेच नाकारले जात असल्याने ते कोणाला कळलेही नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून सेवा परत उभी राहिली. जागेची टंचाई तेथे नव्हती, हे महत्त्वाचे आहे. प्रत उघडून पाहण्याचे काम कोणाच्याही नावावर नव्हते.

या सगळ्या अनुभवातून निघणारा निर्णय काहींना धाडसी वाटेल: जागा कमी असेल तर ठेवायच्या प्रतींची संख्या कमी करावी आणि त्या बदल्यात एक प्रत पूर्ण उघडेल इतकी जागा कायमची मोकळी राखावी. ही जागा सुटी म्हणून सांगितली की कोणी तरी ती वापरतो. म्हणून तिचा डिस्कवर वेगळा विभाग करून त्यास ‘तपासणी’ असे नाव द्यावे. याला घेतला जाणारा आक्षेप खोटा नाही. चूक उशिरा लक्षात आली तर जुनी प्रत लागते, आणि सात दिवसांच्याच प्रती ठेवल्या तर दोन महिन्यांपूर्वी पुसले गेलेले खाते परत मिळत नाही. पण त्यासाठी तीस सलग दिवसांची गरज नसते; आठवड्याच्या रोजच्या प्रती, प्रत्येक महिनाअखेरीची एक आणि ३१ मार्चची एक, तीही दाबून लहान केलेली आणि बाहेरच्या डिस्कवर, एवढ्याने बहुतेक प्रसंग निभावतात. मधल्या दिवसांची घनता कमी होते हे मान्य. परंतु न उघडलेल्या तीस फायलींत एकच दोष तीस वेळा असण्याचा संभव अधिक असतो, हे वरील वर्षबदलाच्या उदाहरणात दिसलेच आहे.

सार्वजनिक नोंदींच्या बाबतीत महाराष्ट्राने हीच तपासणी वेगळ्या रीतीने केलेली आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवल्यानंतर २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातील उतारे गावकऱ्यांपुढे वाचून दाखवण्यात आले आणि ज्यांची जमीन त्यांनीच चुका सांगाव्यात, अशी ती योजना होती. सर्व्हरवरची प्रत सर्व्हरवरच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून क्षेत्राचा आकडा किंवा वारसाचे नाव चुकल्याचे कळले नसते. पतसंस्थेत ती जागा खातेदाराच्या पासबुकाला आहे, आणि तपासणीच्या दिवशी काउंटरवर आलेल्या दोघा-तिघांची पासबुके त्यांच्या संमतीने उघडलेल्या प्रतीशी पडताळली, तर संस्थेच्या कागदांबाहेरचा साक्षीदारही मिळतो.

झालेल्या तपासणीची नोंद वहीत असावी: कोणत्या तारखेची फाईल, कोणत्या यंत्रावर उघडली, किती वेळ लागला, रोख शिल्लक किती आली आणि ती कोणी पाहिली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होणाऱ्या वार्षिक लेखापरीक्षणात बॅकअप घेतला जातो का, हा प्रश्न आला की ही वही पुढे करता येते. वहीत आणखी एक रकाना लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो, तो म्हणजे उघडलेली प्रत कधी पुसली याचा. तपासणीसाठी उभा केलेला डेटाबेस हा खातेदारांच्या नावा-गावांसह, आधार क्रमांकांसह आणि शिलकांसह संपूर्ण जिवंत डेटाबेस असतो. तो तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर तसाच राहिला, तर पुरापासून वाचवलेला डेटा एसटीच्या सीटखाली विसरण्याची सोय होते. त्यामुळे तपासणी संपल्यावर प्रत पुसणे आणि रोखपालासमोर त्या रकान्यात सही करणे, हा या कामाचा भागच धरावा. ‘तपासणी’ विभागातील जागाही त्यानंतरच पुढच्या वेळेसाठी मोकळी होते.